पत्रिकेवरचा पोशाख

गेल्या वर्षी आमच्या पुतणीचा विवाह ठरला. मुलगी बंगळुरास नोकरीस आहे, मुलगाही तेथेच; त्याचे घराणे मात्र चेन्नईचे, तमिळ ब्राह्मणांचे. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी आनंदाने होकार दिला, मुहूर्त ठरला आणि एके दिवशी पत्रिका छापून घरी आली. ती मुलामुलीने स्वतःच तयार केली होती. तीत कुलदेवतांची नावे होती, आजोबा-पणजोबांची नावे होती, आणि प्रत्येक कार्यक्रमाखाली पोशाखाविषयी एकेक शब्दही होता. पहिल्या संध्याकाळच्या संगीतासाठी ‘स्मार्ट कॅज्युअल’, दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुहूर्तासाठी ‘ट्रॅडिशनल’ आणि रात्रीच्या स्वागतसमारंभासाठी ‘फॉर्मल’.

रात्रीची जेवणे आटोपल्यावर या शब्दांचा अर्थ लावण्यासाठी आमच्या माजघरात जी सभा भरली, ती सांगण्यासारखी आहे. थोरले बंधू महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या मते ‘फॉर्मल’ म्हणजे सूट आणि टाय; दुसरा अर्थच संभवत नाही. संगणकाच्या कंपनीत काम करणारा पुतण्या म्हणाला, कॉलर असलेला व इस्त्री केलेला कोणताही सदरा चालेल. न्यू जर्सीस राहणारा भाचा दूरध्वनीवर होता. तिकडे पत्रिकेवर हा शब्द आला की काळा ‘टक्सिडो’ आणि काळी बो-टाय समजतात. ती आता भाड्याने आणावी काय, असे तो विचारू लागला. वहिनी म्हणाल्या, रात्री पैठणी. आणि आमचे चुलते, वय वर्षे ८१, शांतपणे म्हणाले, “माझे धोतर, कोट आणि काळी टोपी. याहून फॉर्मल ते काय असते?”

एक शब्द, घर एकच, आणि अर्थ पाच! त्या रात्री हसून हसून पुरेवाट झाली. पण मागाहून विचार करता हा प्रश्न वाटतो तितका हसण्यावारी नेण्याजोगा नाही असे मनात आले. त्याच लग्नाच्या बोलणीत वेषाच्या एका शब्दाने आमच्या घरून एक प्रमाद घडून गेला होता. तो पुढे सांगतो.

आमच्या आजोबांच्या लग्नाची पत्रिका अद्याप घरात जपून ठेवलेली आहे. तीत पोशाखाविषयी एक अक्षर नाही. त्या काळी लोकांना पोशाखाची पर्वा नव्हती असे मात्र कोणी समजू नये. पर्वा इतकी होती, की ती कागदावर मांडण्याची गरजच भासत नसे. कोणत्या प्रसंगी काय नेसावे हे मुलाला मुंजीपासून आणि मुलीला परकर-पोलक्यापासून ठाऊक होत जाई. शिवाय त्या रीतीला दोन दिशा होत्या. घराबाहेर कचेरीत, सभेत वा दरबारात जावयाचे तर वस्त्रे चढवावयाची : धोतरावर अंगरखा, अंगरख्यावर उपरणे, मस्तकी पगडी. बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे हे अशुभाचे चिन्ह मानीत. उलट देवघरात, श्राद्धाला वा सणाच्या पंगतीला बसावयाचे तर वस्त्रे उतरवावयाची : अंग उघडे, कमरेला मुकटा किंवा पीतांबर, खांद्यावर उपरणे. सोवळ्याचे सुती वस्त्र कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून उंच वलणीवर काठीने वाळत घातलेले असे. रेशमी कद आणि लोकरीची धाबळी यांना मात्र रोज धुण्याचा निर्बंध नसे. या सोवळ्याने पुष्कळ माणसांना दूर ठेवले, हा त्याचा दोष आज कोणी नाकारणार नाही. येथे सांगावयाचे ते इतकेच, की ‘औपचारिक वेष म्हणजे अधिक कपडे’ ही समजूत आमची नव्हे. केरळातील गुरुवायूरसारख्या देवळांत पुरुषांना आजही अंगातील सदरा काढूनच आत जावे लागते. तेथे उघडे अंग हाच दरबारी पोशाख होय.

समजूत सर्वांची एक होती तोवर शब्द लागला नाही. माणसे गावोगावी, प्रांतोप्रांती आणि देशोदेशी पांगली, सोयरिकी दूरवर जुळू लागल्या, तेव्हा शब्द लिहिणे भाग पडले. आणि खरी गंमत पुढेच आहे. शब्द लिहिल्याने घोटाळा मिटेल असे वाटते. परंतु वस्त्रांचे शब्द प्रांताची वेस ओलांडताच भलतेच रूप धारण करतात.

आमच्या सभेतच त्याचा पहिला नमुना निघाला. पुतणीची धाकटी बहीण म्हणाली, “मी संगीताला लेहंगा घालणार.” चुलत्यांनी चष्मा वर केला. “लेंगा? तू?” मराठीत लेंगा म्हणजे पुरुषाचा सैल पायजमा, उत्तरेत लहंगा म्हणजे स्त्रियांचा घेरदार घागरा. आपल्याकडे जोडा पायांत घालतात. उत्तरेतील वधू मात्र लाल ‘जोडा’ अंगावर लेवून बोहल्यावर चढते. पंचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आंघोळीनंतर अंग पुसण्याचे आखूड वस्त्र उभे राहते. पण धारवाडकडील गृहस्थ ‘पंचे’ म्हणतो तेव्हा तो आपल्या ठेवणीतल्या धोतराविषयी बोलत असतो. आपला शेला खांद्यावर घ्यावयाचा. तमिळ ‘सेलै’ म्हणजे अख्खी साडी. धोती हा शब्द उत्तर हिंदुस्थानातील खेड्यांत बायकांच्या साध्या साडीलाही लावतात. आणि पंजाबी बाई ‘सूट शिवायला टाकला आहे’ असे म्हणाली, तर तिला सलवार-कमीज अभिप्रेत असते. आमचे थोरले बंधू तेथे कोट-पाटलोण पाहतील!

इंग्रजी ही सर्वांना समजणारी भाषा, तेव्हा तिच्यातील शब्द तरी निश्चित असतील, असे कोणास वाटेल. तेही खरे नाही. ‘पँट्स’ म्हणजे अमेरिकेत विजार, इंग्लंडात आतील चड्डी. ‘वेस्ट’ हे अमेरिकेत जाकीट आणि इंग्लंडात व आपल्याकडे बनियन. ‘जंपर’ म्हणजे इंग्लंडात लोकरीचा स्वेटर, अमेरिकेत मुलींचा बिनबाह्यांचा झगा. आणि तोच शब्द मराठीत ‘झंपर’ होऊन आमच्या आया-आज्यांची चोळी बनून बसला. ‘मॉर्निंग ड्रेस’ हा केवळ सकाळीच घालतात असे नाही. तो दिवसाच्या समारंभाचा वेष असून इंग्लंडातील ॲस्कॉट येथील शाही शर्यतींच्या खास आवारात पुरुषांना आजही उंच टोपीसह तो घालावा लागतो. सर्वांत फसवा शब्द ‘इन्फॉर्मल’. जुन्या युरोपीय शिष्टाचारात या शब्दाचा अर्थ पूर्ण सूट आणि टाय असा होता. कारण त्या काळी औपचारिक म्हणजे पुच्छयुक्त लांब कोट किंवा काळा डिनर-कोट, आणि त्याच्या खालची पायरी ती अनौपचारिक. आजचा तरुण ते निमंत्रण वाचून टी-शर्ट घालून गेला, तर दोष कोणाचा?

आता आमचा प्रमाद सांगतो. बोलणीसाठी मुलाचे वडील प्रथम पुण्यास आले, तेव्हा ते शुभ्र, जरीकाठी वेष्टी नेसून आले होते. व्याह्यांच्या घरी जावयाचे म्हणून त्यांनी मुद्दाम तो वेष केला होता. चुलते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून काकूंना म्हणाले, “व्याही लुंगी नेसूनच आले की!” वाक्य मराठी होते, पण ‘लुंगी’ हा शब्द चेन्नईतही तसाच आहे. तिकडे लुंगी म्हणजे घरात वावरताना वा अंगमेहनत करताना नेसावयाचे रंगीत, चौकड्याचे वस्त्र. वेष्टी म्हणजे देवळात, लग्नात आणि सभेत नेसण्याचे पांढरे वस्त्र. दोहोंची गल्लत करणे म्हणजे एखाद्याच्या पीतांबरास टॉवेल म्हणण्यासारखे आहे. व्याह्यांनी ऐकले. ते किंचित हसले आणि पाणी मागितले. विहीणबाईंचा चेहरा मात्र पडला तो निघेपर्यंत पडलेलाच होता. चुलत्यांच्या मनात तुच्छता नव्हती, हे आम्ही जाणतो. आपल्या डोळ्यांना कासोटा दिसला नाही म्हणजे नेसणे अपुरे, ही आपल्याकडची जुनी सवय त्यांच्या तोंडून बोलली. पण ऐकणाऱ्यास आपले मन उघडून दाखविण्याची सोय नसते. त्याच्या कानी शब्दच पडतो.

वेषाच्या शब्दाला एवढी धार का असावी? कारण वेष हा मानाचा प्रश्न आहे, आणि मानाच्या प्रश्नात एका देशाचा आदर तो दुसऱ्या देशाचा अनादर ठरतो. युरोपियन गृहस्थ आदर दाखविण्यासाठी टोपी काढतो आणि बूट पायांत ठेवतो. आपण जोडे काढतो आणि पागोटे डोक्यावर ठेवतो. या एका भेदातून इंग्रजी अमलात किती तंटे उद्भवले! हिंदी माणसाने साहेबापुढे जोडे काढावेत असा आग्रह होता. १८५४ साली गव्हर्नर-जनरल डलहौसी याच्या सरकारने ठराव करून, विलायती बूट-मोजे घालणाऱ्यांस दरबारी प्रसंगी ते पायांत ठेवण्याची मुभा दिली. तरीही १८६२ साली सुरतेच्या फौजदारी न्यायालयात बूट काढण्यास नकार दिल्यावरून एका पारशी गृहस्थास बाहेर काढण्यात आले. तिकडे १८९३ साली डरबानच्या न्यायालयात तरुण बॅरिस्टर गांधींना पागोटे उतरविण्यास सांगितले गेले, तेव्हा त्यांनी ते न उतरविता न्यायालय सोडले. एकाला पायांतले काढावयास सांगितले, दुसऱ्याला डोक्यावरचे. दोन्ही ठिकाणी नियम शिष्टाचाराचा होता, पण त्या आडून बोलत होती ती सत्ता.

म्हणूनच काही थोरांनी शिष्टाचाराचा पोशाख जाणूनबुजून मोडला. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तीत महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि राणीच्या खऱ्या प्रजेचे दर्शन त्यांनी राजपुत्रास घडविले. १९३१ च्या नोव्हेंबरात गांधीजी आखूड धोतर व शाल या वेषात लंडनच्या राजवाड्यात पंचम जॉर्जच्या चहापानास गेले. हे दोघेही पोशाखाविषयी बेफिकीर होते असे कोणी म्हणू शकेल काय? त्यांच्याइतका विचारपूर्वक वेष त्या समारंभात दुसऱ्या कोणाचाही नसेल.

आणि परक्यांची सत्ता गेली म्हणून हा प्रश्न संपला असेही नाही. २०१४ च्या जुलैत चेन्नईतील एका क्लबात समारंभास आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना, त्यांनी वेष्टी नेसली आहे या कारणाने प्रवेश नाकारण्यात आला. तमिळ भूमीत, तमिळ न्यायमूर्तीला, तमिळ वेषाबद्दल! गहजब झाला आणि पुढल्याच महिन्यात तमिळनाडूच्या विधानसभेने कायदा करून असले निर्बंध बंद केले. याच्या उलट चित्र स्टॉकहोमचे पाहा. नोबेल पारितोषिकाचा समारंभ हा पाश्चात्य शिष्टाचाराचा कळस होय. पुरुषांना पुच्छयुक्त कोट आणि पांढरी बो-टाय अनिवार्य. पण तेथील नियमात स्वदेशीय वेषालाही तोच मान आहे. १० डिसेंबर २०१९ रोजी अभिजित बॅनर्जी तेथे बंगाली धोतर व बंद गळ्याचा कोट घालून गेले, आणि त्यांच्या फ्रेंच पत्नी एस्थर डुफ्लो साडी नेसून. क्लबाने नियमाचा शब्द पाहिला. स्टॉकहोमने त्यामागचा हेतू पाहिला.

वाचक म्हणतील, हे सारे मोठ्यांचे झाले. हल्ली तर सगळीकडे पोशाखच ढिला झाला आहे, त्याचे काय? ही तक्रार खरी आहे आणि ती कोण्या एका देशाची नाही. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर १९६६ पासून शुक्रवारी कचेरीत फुलाफुलांचा अलोहा सदरा घालण्याची मोहीम निघाली. तेथून ‘कॅज्युअल फ्रायडे’ची प्रथा अमेरिकेत पसरली असे मानतात. १९९२ साली तेथील एका विजारींच्या कारखानदाराने ‘कचेरीत साधे कपडे कसे घालावेत’ याची पुस्तिका हजारो कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडे धाडली. कारखानदाराचा त्यात स्वार्थ होता हे सांगणे नकोच. जपानात २००५ साली पर्यावरण खात्याने उन्हाळ्यात कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवण्यास आणि कोट-टाय वगळण्यास सांगितले. त्या शिस्तप्रिय देशात टाय काढण्यासाठीही सरकारी मोहीम लागली! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२० रोजी, महामारीच्या दिवसांत, दूरदर्शनाद्वारे चालणाऱ्या सुनावण्यांत वकिलांना काळा कोट व झगा यांची सूट दिली. पांढरा पोशाख आणि गळ्याची पांढरी पट्टी एवढे मात्र राखले. अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०२३ च्या सप्टेंबरात सभासदांवरील पोशाखाचे बंधन सैल झाले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला सभासदांनीच एकमताने ठराव करून पुरुषांसाठी कोट, टाय व लांब विजार यांचा नियम लेखी केला. तोवर तो रिवाजावरच चालत आला होता. रिवाज मोडू लागला तेव्हाच तो लिहून काढावा लागला.

परंतु या ढिलाईचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला तर एक मौज दिसते. आज आपण ज्याला कडक औपचारिक समजतो, तो बहुतेक एके काळचा आरामाचा वेष असतो. हल्लीचा सूट हा मुळात ‘लाउंज सूट’, म्हणजे बैठकीत ऐसपैस बसण्याचा. एकोणिसाव्या शतकातील सभ्य माणूस तो घालून मोठ्या समारंभास गेला नसता. डिनर-कोटही तसाच. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, घरगुती जेवणासाठी लंडनच्या एका शिंप्याकडून पुच्छाविना आखूड कोट शिवून घेतला असे सांगतात; १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क येथे तो रूढ झाला आणि त्या गावचे नाव त्यास चिकटले. त्या कोटाबरोबर कमरेस जो रेशमी पट्टा बांधतात, तो इंग्रज अंमलदारांनी आपल्याच देशातून नेलेला कमरबंद होय!

आपल्याकडे निराळे घडले आहे काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या मुली पाचवारी गोल पातळ नेसू लागल्या, तेव्हा घरोघरच्या सासवांना तो उच्छृंखलपणा वाटला होता. आज तीच गोल साडी बँकेतील अधिकारी स्त्रीचा भारदस्त पोशाख ठरली आहे, आणि जी नऊवारी नित्य नेसली जाई, ती आता शिवून तयार मिळते व सणापुरती चढविली जाते. पुरुषांचा लेंगा-झब्बा हा घरात घालण्याचा वेष होता. आज तो गणपतीच्या आरतीचा आणि लग्नाच्या मांडवाचा मानाचा पोशाख आहे. म्हणजे प्रत्येक पिढी एक पायरी खाली उतरते, आणि पुढची पिढी त्याच पायरीला सिंहासन मानते. सूज्ञाने या उतरण्याचे फार दुःख करू नये.

शिवाय प्रत्येक देशाने या शिडीवर आपली निराळी पायरी बसविली आहे. इंडोनेशियात लांब बाह्यांचा बाटिक सदरा घालून गेलेला मनुष्य पूर्ण औपचारिक मानतात. त्या बाटिकला २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. फिलिपाईन्समध्ये ‘बारोंग’ हा तलम सदरा विजारीबाहेर मोकळा सोडूनच घालतात. तेथील तो उच्च वेष आहे. क्यूबाने २०१० साली चार खिशांचा ‘ग्वायाबेरा’ सदरा सरकारी समारंभांचा अधिकृत पोशाख केला. इराणातील अधिकारी १९७९ च्या क्रांतीनंतर सूट घालतात पण टाय बांधीत नाहीत. तेथे टाय नसणे हाच शिष्टाचार. पाहुण्याने आपल्या गावची पायरी मोजून या कोणाला गबाळा म्हटले, तर तो आमच्या चुलत्यांचाच प्रमाद होय.

मग खरोखर गमावण्यासारखे आहे तरी काय? माझ्या अल्पमतीस दोन गोष्टी दिसतात. पहिली, रोजचा दिवस आणि प्रसंगाचा दिवस यांतील भेद. पेटीतून काढलेल्या शालूला डांबराच्या गोळीचा वास येई, आणि तो वास आला की घरातील लहान पोरांनाही कळे की आज काही विशेष आहे. जो माणूस ऑफिसात, बाजारात, लग्नात आणि कोणाच्या दहाव्याला एकाच कपड्यांत जातो, त्याच्या सोयीचा मला हेवा वाटतो. पण त्याच्या वर्षातील सगळे दिवस सारखेच नाहीत काय, अशी शंकाही येते. दुसरी गोष्ट, यजमानासाठी सोसलेली थोडी तसदी. धोतराच्या निऱ्या घालण्यास वेळ लागतो, साडी नेसण्यास त्याहून अधिक. तो वेळ आपण कोणासाठी तरी खर्चिला, हेच त्या वस्त्राचे खरे मोल आहे. ही तसदी सदरा-पायजम्यातही घेता येते, आणि उंची सूट घालूनही टाळता येते.

म्हणून यजमानांस आणि पाहुण्यांस काही सुचविण्याचे धाडस करतो. यजमानाने पत्रिकेवर ‘फॉर्मल’, ‘एथ्निक’, ‘स्मार्ट’ असे मोघम शब्द छापू नयेत. त्याच्या मनातील वस्त्रांची नावे साध्या भाषेत लिहावीत, आणि ज्याच्याकडे ती नसतील त्यास काय चालेल हेही लिहावे. पोशाखाची सूचना ही दारावरची चौकी नव्हे. माझ्या दारी येऊन तुम्हास ओशाळे वाटणार नाही, असे ते यजमानाचे वचन आहे. पाहुण्याने अर्थ न कळल्यास विचारावे; विचारण्यात कमीपणा नाही, उलट तो यजमानाचा सन्मान आहे. आणि घरातील तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे, की वृद्ध माणसाचा ठेवणीतला वेष कोणत्याही पत्रिकेच्या शब्दापेक्षा वडील आहे.

आम्हीही शेवटी तेच केले. सभेत निर्णय होईना, तेव्हा चुलते म्हणाले, “मला फोन लावून द्या, मीच विचारतो.” त्यांनी व्याह्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, की आम्ही काय नेसून यावे? पलीकडून उत्तर आले : सकाळी तुमच्या घरी लग्नाला जे नेसतात ते, रात्री तुमच्या घरी मोठ्या समारंभाला जे नेसतात ते, संगीत मुलांचे आहे, तेथे आपणा दोघांकडे कोणी पाहणार नाही! दोन्हीकडे हसे पिकले. मग चुलते थोडे थांबून म्हणाले, “त्या दिवशी मी चुकीचा शब्द बोललो.” पलीकडे काय उत्तर आले ते आम्हास ऐकू आले नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी आम्हास ते सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

मुहूर्ताच्या सकाळी व्याही समोर आले ते पंचकच्छ नेसून. तिकडे विवाहित गृहस्थ धर्मकृत्यांत असेच नेसतात. मागे कासोटा खोचलेला, खांद्यावर अंगवस्त्र, जवळजवळ आमच्या सोवळ्याच्या नेसणीचा सख्खा भाऊच! चुलते धोतर-उपरण्यात त्यांच्या शेजारी उभे राहिले, तेव्हा कोण कोणीकडचे हे परक्यास ओळखू आले नसते. थोड्या वेळाने पुतणीला आत नेऊन मंगळसूत्राच्या मुहूर्तासाठी त्यांच्या पद्धतीची साडी नेसवून आणली. तिला ते मडिसार म्हणतात. आमच्या मातोश्रींनी निऱ्यांकडे, मग मागच्या काष्ट्याकडे पाहिले आणि विहीणबाईंना खुणेने विचारले, किती वार? विहीणबाईंनी नऊ बोटे दाखविली. मातोश्रींनी आपल्या नऊवारीचा काठ हातात धरून त्यांच्यापुढे केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पुण्याच्या घरून निघताना पडलेला तो चेहरा मी तेव्हा प्रथम हसताना पाहिला.

रात्रीच्या ‘फॉर्मल’ समारंभास आमचे बंधू सूट घालून आले, पुतण्या सदऱ्यात, वहिनी पैठणीत. चुलते दिसेनात. शोध घेता ते व्याह्यांच्या खोलीत सापडले. व्याही त्यांना वेष्टी नेसवीत होते आणि ती सुटू नये म्हणून वरून पट्टा बांधीत होते. चुलते दोन्ही हात वर करून, मुंजीतल्या बटूसारखे, मुकाट्याने उभे होते.